बुडालेल्या बाभळीवरची गरी

गोड्या पाण्यातला मासा उघड्या तळावर फार वेळ थांबत नाही. जलाशयाचा तळ सपाट आणि गाळाचा असेल तर मासे विखरून राहतात. त्याच तळावर एखादी बाभूळ आडवी पडलेली असेल, तर काही आठवड्यांत तिच्या फांद्यांभोवती लहानमोठ्या माशांची वस्ती होते. या वस्तीवर जाळे चालत नाही. ते काट्यांत गुंतते आणि फाटते. तिथे चालते ती गरी. एक बांबूची काठी, तिच्या शेंड्याला जवळपास काठीएवढाच तंगूस, टोकाला एक गळ आणि गळाला आमिष. काठी पुढे धरून गळ फांद्यांच्या बरोबर वर न्यायचा, सरळ खाली सोडायचा आणि मासा लागला की सरळ वर उचलायचा. दूर फेकण्याचा किंवा पाण्यातून ओढत आणण्याचा प्रश्नच नसतो, म्हणून रीळही लागत नाही. मासेमारीच्या सर्व पद्धतींत इतके थोडे सामान आणि इतकी अचूक नजर मागणारी दुसरी पद्धत क्वचितच असेल.

या पद्धतीला अमेरिकेत मोठे नाव मिळाले ते क्रॅपी नावाच्या माशामुळे. क्रॅपी मूळची उत्तर अमेरिकेची, सनफिश कुळातली. तिच्या पांढरी आणि काळी अशा दोन जाती आहेत. अंगाने चपटी, उंच पाठीची, रुपेरी आणि त्यावर गडद ठिपके. सहसा ती पाव ते अर्धा किलोची असते. मिसिसिपी राज्यातल्या एनिड धरणावर १९५७ साली मिळालेली सुमारे २ किलो ३५० ग्रॅमची पांढरी क्रॅपी आजही विक्रम म्हणून सांगितली जाते. क्रॅपी थव्याने राहते आणि बुडालेल्या फांद्यांना चिकटून असते. तिची नजर वरच्या बाजूला असते, म्हणून आमिष तिच्या थोडे वर लटकले पाहिजे; खाली गेले तर ती त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. तिच्या तोंडाची कातडी कागदासारखी पातळ असल्याने हिसका दिला की ती फाटते आणि मासा सुटतो. या दोन गोष्टींनीच तिकडच्या एक-काठी मासेमारीची सारी रीत ठरली: गळ सरळ खाली, फांद्यांच्या किंचित वर, आणि उचलताना सबुरी. नावेच्या टोकाशी सात-आठ काठ्या पसरून बसण्याची पद्धतही तिथे आहे. दाट फांद्यांत मात्र हातातली एकच काठी सरस ठरते, कारण इंचाइंचाने जागा बदलता येते आणि तंगुसाला लागलेला अगदी हलका स्पर्शही हाताला कळतो.

क्रॅपी भारतात नाही. पण क्रॅपी ज्या कारणासाठी फांद्यांत शिरते, त्याच कारणासाठी वऱ्हाडातली मरळ, शिंगाळा, वाम आणि चिलापीही शिरते. बुडालेल्या झाडांची तर या मुलखात वाण नाही.

अकोला जिल्ह्यातले बाळापूर दोन नद्यांच्या मधे वसले आहे. एक मन आणि दुसरी म्हैस, जिला मस असेही म्हणतात. दोन्ही दक्षिणेकडच्या डोंगराळ भागातून उतरतात, बाळापूरजवळ एकत्र येतात आणि पुढे पूर्णेला मिळतात, पूर्णा तापीला. गावाचा किल्ला याच दोन नद्यांमधल्या उंचवट्यावर आहे. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने त्याचे काम सुरू केले आणि अचलपूरचा नवाब इस्माईलखान याने १७५७ साली ते पुरे केले, असे सांगितले जाते. नदीकाठी मिर्झाराजे जयसिंग यांची छत्री आहे. पुराने या छत्रीच्या पायाला एकदा मोठे नुकसान केले होते आणि तो दुरुस्त करावा लागला होता. पावसाळ्यातली मन आणि म्हैस यांची ताकद त्यावरून कळते. उन्हाळ्यात मात्र याच नद्या तुटक डोहांवर येतात. गरीवाल्याच्या दृष्टीने नदीचे खरे पात्र म्हणजे हे डोह. पुरात उन्मळून आलेली झाडे, काठावरून कोसळलेल्या बाभळी, वाहून आलेली झुडपे याच खोलगट जागी अडकतात, आणि पाणी आटत गेले की उरलेले मासे त्यांच्याच आसऱ्याला येतात.

नद्यांवर आता धरणे झाली आहेत. मन आणि मस यांच्यावरचे प्रकल्प बाळापूरच्या वरच्या अंगाला, बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगाव तालुक्यात आहेत. पातूर तालुक्यात निर्गुणा आणि मोर्णा, बार्शीटाकळी तालुक्यात महान येथे काटेपूर्णा, तेल्हारा तालुक्यात वान. यांतल्या काटेपूर्णेचे पाणी अकोला शहर पिते. धरण बांधले की शेते, धुरे, पांदणी, ओढ्याकाठची झाडी सारे पाण्याखाली जाते. लाकूड म्हणून कामाची झाडे आधी तोडली जातात, पण खोडे, बुंधे, बोरी-बाभळीची झुडपे तिथेच राहतात. भारतातल्या जलाशयांवर लिहिणारे मत्स्यशास्त्रज्ञ या बुडालेल्या झाडोऱ्याची नोंद बहुधा अडचण म्हणून करतात, कारण जाळी त्यात अडकतात. ती तक्रार खोटी नाही. पण मासा ज्या कारणाने त्या पाण्यात टिकून राहतो, ते कारणही हाच झाडोरा आहे, आणि या दुसऱ्या बाजूकडे फार थोडे लक्ष गेले आहे.

बाळापूरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची. हा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात भूजल खारट आहे. विहिरीचे पाणी पिण्याच्या किंवा ओलिताच्या कामाचे नसते. त्यामुळे नदी, बंधारा आणि धरण यांत साठलेल्या पावसाच्या पाण्यालाच इथे किंमत आहे, माणसासाठीही आणि माशासाठीही. काळी, खोल, चिकट माती पावसात वाहून येते आणि पाणी महिनोन्‌महिने गढूळ ठेवते. गढूळ पाण्यात उजेड खोल जात नाही, म्हणून तळाशी पाणवनस्पती फारशा वाढत नाहीत. जिथे वनस्पतींचा आडोसा नाही तिथे बुडालेल्या लाकडाचे मोल दुपटीने वाढते.

मासे फांद्यांकडे का येतात, याचे पहिले उत्तर लपणे हे आहे, पण ते पुरे नाही. फांदी पाण्यात गेली की दोन-तीन आठवड्यांत तिच्यावर बुळबुळीत थर चढतो. त्यात सूक्ष्म शेवाळे, जिवाणू आणि गाळाचे कण असतात. हा थर खायला गोगलगायी, किड्यांच्या अळ्या आणि झिंगे येतात. त्यांच्यामागे चांदा, खवली अशी लहान मासळी येते, आणि तिच्यामागे मोठे शिकारी मासे. रोहू तर हा थर थेट खरवडून खाते. बांगलादेशात आणि भारतात तळ्यांत बांबू रोवून केलेल्या प्रयोगांमध्ये, नुसत्या तळ्यापेक्षा बांबू असलेल्या तळ्यात रोहू चांगली वाढलेली दिसली आहे. म्हणजे बुडालेले झाड हा आडोसा आहे तसाच तो चराऊ कुरणाचाही तुकडा आहे. तिसरे कारण सावलीचे. अकोल्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. उथळ पाणी दुपारी तापते आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. अशा वेळी मासे खोलीकडे आणि सावलीकडे सरकतात. चौथे कारण अंडी घालण्याचे: अनेक माशांना अंड्यांसाठी, किंवा पिलांवर नजर ठेवण्यासाठी, आडोशाची कड लागते. अशी वेगवेगळी कामे एकाच ठिकाणी होत असल्याने जलाशयाचा फार छोटा भाग फार मोठ्या संख्येने मासे सांभाळतो.

निसर्गाने टाकलेले झाड नसेल तर ते टाकता येते. अमेरिकेत राज्यांचे मत्स्यविभाग नाताळानंतर टाकून दिलेली झाडे गोळा करतात, त्यांना वजन बांधतात आणि जलाशयांत बुडवतात. वऱ्हाडात त्यासाठी बाभळीसारखे लाकूड नाही. धुऱ्यावर, नाल्याकाठी ती मुबलक आहे; तिचे लाकूड घट्ट आहे, ओल्या फांद्या जड असतात आणि पाण्यात लवकर कुजत नाहीत. वेडी बाभूळ तर खारपाणपट्ट्यातल्या पडीक जमिनींवर इतकी माजली आहे की ती तोडून नेणाऱ्याचे शेतकरी आभारच मानेल. बोरीच्या फांद्याही चालतात. तुराट्या आणि पऱ्हाट्या गावोगावी ढिगाने मिळतात. त्यांच्या पेंढ्या बांधून टाकल्या तर लहान मासळी लगेच जमते, पण वर्षभरात त्यांचा चोथा होतो. कडुनिंबाची सालपाने कीटकनाशक गुणाची असल्याने ती टाळलेली बरी.

ढीग रचताना फार दाट रचण्याचा मोह होतो. तो आवरावा. फांद्यांमध्ये हात जाईल एवढी पोकळी राहिली तर मोठा मासा आत शिरतो. गच्च ढिगात फक्त बारकी मासळी राहते आणि गळही खाली जात नाही. बुंधे खाली, शेंडे वर, मध्ये दोन-तीन जाड ओंडके आणि सगळ्यांना दोरीने बांधलेले दगड, अशी रचना पुराच्या ओढीलाही बऱ्यापैकी टिकते. सिंथेटिक दोरीपेक्षा काथ्याची दोरी चांगली. ती कुजेपर्यंत लाकूड पाणी पिऊन जड झालेले असते, आणि प्लास्टिकचा दोर पाण्यात मागे उरत नाही.

खरी मेख आहे ती पाण्याच्या पातळीची, आणि इथे परदेशी पुस्तकांतला सल्ला जसाच्या तसा उपयोगी पडत नाही. वऱ्हाडातले धरण बारा महिने एका पातळीवर राहत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात ते भरलेले असते, रब्बीची आवर्तने सुटली की उतरू लागते आणि मे अखेरीस कित्येक ठिकाणी तळ दिसतो. उघड्या पडलेल्या गाळावर गाळपेर होते. दिवाळीत ३ मीटर पाण्याखाली असलेला ढीग होळीला उघडा पडू शकतो. म्हणून एकाच ठिकाणी मोठा ढीग घालण्यापेक्षा उतारावर वेगवेगळ्या उंचीला तीन-चार लहान ढीग घातले तर उपयोग होतो. पाणी उतरेल तसे मासे एका ढिगावरून खालच्या ढिगावर जातात, आणि गरीवालाही त्यांच्यामागे उतरत जातो. हे काम करायची वेळही त्यातूनच ठरते. मे महिन्यात तळ कोरडा असताना बैलगाडी किंवा ट्रॅक्टर थेट आत नेता येतो. नाव लागत नाही, जागा डोळ्यांनी पाहून निवडता येते आणि जूनच्या पावसाने ढीग आपोआप बुडतात. कालव्याचे तोंड, विहिरींचे पंप आणि गाळपेराची जमीन यांपासून मात्र दूर राहावे लागते. नदीत, विशेषतः कोल्हापुरी बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला, फांद्या टाकू नयेत. पावसाळ्यापूर्वी बरगे काढले नाहीत किंवा काढूनही फांद्या अडकल्या, तर बंधाऱ्याला आणि काठाच्या शेताला धोका होतो. नदीतल्या डोहात पुराने जे आणून ठेवले आहे, तेवढ्यावरच समाधान मानावे.

आता काठी. सातपुड्याच्या मेळघाटातला मानवेल बांबू या कामाला फार चांगला. तो जवळजवळ भरीव असतो, म्हणून बारीक असूनही मोडत नाही. कटांग जाड आणि पोकळ असतो. तो घरासाठी चांगला, गरीसाठी बोजड. ३ ते ४ मीटर लांबीची, बुडाला अंगठ्याएवढी आणि शेंड्याला लवचिक अशी काठी निवडतात. सावलीत वाळवून, मंद आचेवर शेकून तिचा बाक काढतात. बाजारात आता फायबरच्या घडीच्या काठ्या मिळतात, त्या हलक्या असतात आणि नावेतून मासे धरणाऱ्याला सोयीच्या. पण काटेरी ढिगावर मोठी मरळ अडकली की बांबूच्या काठीवर हाताचा जो भरवसा असतो, तो वेगळाच.

तंगूस काठीएवढा किंवा हातभर कमी ठेवतात. लांब ठेवला की मासा उचलताना हात पुरत नाही आणि तेवढ्या वेळात तो फांदीला वेढा घालतो. तंगुसाच्या जाडीचा निर्णय सोपा नाही. बारीक तंगूस माशाला दिसत नाही, पण काट्यावर घासून तुटतो. जाड तंगूस टिकतो, पण शंका येऊन मासा मागे सरतो. मन-म्हैशीसारख्या गढूळ पाण्यात जाड तंगूस निभावून जातो, हिवाळ्यात निवळलेल्या धरणात नाही. क्रॅपी धरणाऱ्यांनी इथे एक युक्ती शोधली आहे: बारीक तारेचा गळ आणि त्यामानाने दणकट तंगूस. गळ लाकडात रुतला तर सावकाश ओढल्यावर तो सरळ होऊन निघतो, आणि नंतर चिमट्याने पुन्हा वाकवता येतो. चिलापी किंवा खवलीसाठी ही युक्ती इथेही उत्तम. मरळीच्या ताकदीपुढे मात्र असा गळ टिकणार नाही.

शिसे अगदी थोडे लावायचे, गळ सरळ खाली जाईल इतकेच. तरंगा लावायचा असेल तर मोरपिसाची दांडी किंवा ज्वारीच्या धांड्याचा वाळलेला गाभा पुरतो. धांड्याचा गाभा इतका हलका असतो की गांडूळ नुसते हुंगले तरी तो हलतो. खोल ढिगावर तरंगा काढून टाकतात आणि तंगूस बोटावर घेतात.

आमिषाचे शास्त्र माशागणिक बदलते. गांडूळ सर्वांना चालते आणि वामेला सर्वांत जास्त. मरळीला जिवंत हालचाल हवी: नाकतोडा, झिंगा, बारकी मासळी. चिलापी कणकेच्या गोळीवर येते. कणीक पाण्यात विरघळू नये म्हणून तिच्यात थोडा कापूस मळतात. रोहूसाठी पेंड मिसळलेला गोळा लागतो. ढिगावर मासे आणून ठेवण्यासाठी सरकीची ढेप भिजवून, फडक्यात बांधून, फांद्यांजवळ दोन-तीन दिवस सोडण्याची रीत आहे. कापसाच्या मुलखात हे सर्वांत स्वस्त आणि हमखास चारा-आमिष आहे. मात्र ढेप जास्त झाली की ती कुजून पाण्यातला प्राणवायू खाते, मूठभर पुरे.

माशांना आधी खाऊ घालून मग गळ टाकायचा, ही कल्पना दख्खनमध्ये फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने सन ११२९ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण आहे. कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण, महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेले. या प्रकरणात सुमारे ३५ प्रकारच्या माशांची माहिती आहे: कोणता समुद्रातला, कोणता नदीतला, कोणाला खवले, कोणाला नाहीत, कोणाला काय खायला घालावे, दोरी आणि काठी कशी असावी, मासा लागल्यावर त्याला कसे खेळवावे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या मजकुराचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा गळाच्या मासेमारीवर इतके तपशीलवार लिखाण इतक्या आधी इथे झाल्याचे अभ्यासकांच्या लक्षात आले. पुढे गळाचा विनोद राजांकडून साहेबांकडे गेला. हेन्री सुलिव्हन थॉमस याचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ साली निघाले आणि १८९१ साली बांधलेल्या पवई तलावावर पुढे हौशी गळकऱ्यांची संस्थाही उभी राहिली. वऱ्हाडात ही कला अशा वाटेने आलीच नाही. इथे ती भोई, कहार आणि ढिवर समाजांच्या हातात होती आणि आहे. ग्रंथ न लिहिताही या लोकांनी पाण्याचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, आणि त्याची नोंद कोणी वेळेवर केली नाही, ही वऱ्हाडाच्या अभ्यासातली मोठी उणीव आहे.

प्रत्यक्ष मासेमारीत पहिली गोष्ट म्हणजे सावली. सूर्य पाठीशी असेल तर काठीची आणि माणसाची सावली पाण्यावर पडते आणि उथळ ढिगावरचे मासे पांगतात. दुसरी गोष्ट पाऊल. चिखलाच्या काठावर आपटलेल्या पावलाची थरथर पाण्यात जाते आणि मासा ती अंगाने ओळखतो. तिसरी गोष्ट खोली मोजणे: आधी आमिष न लावता शिसे खाली सोडून ढिगाचा माथा कुठे आहे ते पाहतात आणि तंगुसाला त्या उंचीवर दोऱ्याची गाठ मारतात. मग आमिष माथ्यापेक्षा वीतभर वर ठेवून कडेपासून सुरुवात करतात. कडेचे मासे आधी काढायचे, मध्यभागी नंतर जायचे. उलट केले तर मध्ये लागलेला मासा धडपडतो आणि सारी वस्ती हलते.

आमिष स्थिर ठेवून मधूनच बोटभर उचलायचे आणि पुन्हा सोडायचे. मासा बहुतेकदा ते खाली उतरत असताना घेतो. तंगूस अचानक सैल पडला, तर तोही दंशच असतो, कारण माशाने आमिष घेऊन वरच्या दिशेने चाल केलेली असते. लागलेल्या क्षणी काठी झटक्याने मागे ओढू नये. मनगट उचलून सरळ वर घ्यावी. मासा पहिल्या हातभर अंतरात फांद्यांच्या वर आला तर आला. नाही आला तर तंगूस सैल सोडून थोडे थांबावे. ओढ संपली की कित्येकदा मासा आपणहून मोकळ्यात येतो. ज्याला हे थांबणे जमते, त्याचे गळ कमी तुटतात.

माशामाशांत फरक आहे. चिलापी ही इथली क्रॅपीला सर्वांत जवळची. तशीच चपटी, तशीच थव्याने राहणारी, आणि हाताला एक लागली की त्याच जागी दुसरी हमखास. ती मूळची इथली नाही. आफ्रिकेतली मोझांबिक तिलापिया १९५२ साली भारतात आणली गेली आणि नंतर जलाशयाजलाशयांत पसरली. मादी अंडी आणि पिले तोंडात सांभाळते, त्यामुळे तिची संख्या झपाट्याने वाढते आणि स्थानिक माशांच्या चाऱ्यावर ताण येतो. ढिगावरची चिलापी मनसोक्त धरावी, त्यात पाण्याचे हितच आहे. वाम ढिगाच्या बुडाशी, गाळात आणि फटींत राहते आणि अंधार पडल्यावर बाहेर येते. लागली की फांदीला विळखा घालते. शिंगाळाही रात्रीचा. लांब मिशांनी तो तळ चाचपत फिरतो, आणि त्याच्या कल्ल्यामागच्या दातेरी काट्यापासून हात जपावा लागतो, कारण तो टोचला की तासन्‌तास ठणकतो. कटला, रोहू आणि मृगळ हे मत्स्यबीज सोडून वाढवलेले मासे. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी या जातींचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले, आणि त्यातूनच पुढे बोटुकली धरणांत सोडण्याचे मार्ग खुले झाले. यांतली रोहू ढिगाच्या कडेला चरताना सापडते. बाकीचे दोघे ढिगावर पाहुणे.

मरळीची गोष्ट निराळी. तिला कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्याची सोय आहे. थोड्याथोड्या वेळाने ती वर येऊन हवा घेते. म्हणूनच आटलेल्या डोहात, चिखलातही ती तग धरते आणि बाजारात जिवंत विकली जाते. काटे कमी, मांस घट्ट, त्यामुळे तिला भावही चांगला. कळण्याची भाकर आणि मरळीचा झणझणीत रस्सा ही वऱ्हाडी पाहुणचाराची वरची पायरी आहे. श्वासासाठी वर येण्याची सवयच तिला उघडी पाडते. बुडालेल्या बाभळीच्या शेंड्याजवळ पाण्यावर एक वर्तुळ उठले की जाणता गरीवाला तिथेच नाकतोडा सोडतो. मरळीचे तोंड वरच्या बाजूला असते आणि ती खालून येऊन आमिष घेते.

पावसाळ्यात मरळीची जोडी पाणवनस्पतींत जागा साफ करून अंडी घालते. पिले बाहेर पडली की तांबूस रंगाचा त्यांचा पुंजका पाण्याच्या पृष्ठभागावर फिरतो आणि आईबाप खाली राहून राखण करतात. पुंजक्यावर गळ नेला की राखण करणारी मरळ त्यावर तुटून पडते. भूक नसतानाही ती हल्ला करते, कारण तिला तो पिलांचा शत्रू वाटतो. ही मरळ धरण्याइतके सोपे काही नाही आणि इतके नुकसानीचेही काही नाही. ती गेली की पिलांचा पुंजका त्याच दिवशी इतर मासे आणि पाणपक्षी फस्त करतात. एका रश्श्यासाठी पुढच्या दोन वर्षांची मरळ संपते. तांबूस पुंजका दिसला की गरी बाजूला ठेवावी, हा नियम कोणत्याही कायद्याची वाट न पाहता पाळला पाहिजे.

फांद्यांचा ढीग घालून मासे जमवण्याची रीत जगात अनेक ठिकाणी आहे, पण ती बहुतेक ठिकाणी जाळ्यासाठी वापरली जाते. आसाम आणि बंगालमध्ये फांद्या आणि जलपर्णी यांचे बेट करून काही महिने मासे जमू देतात, मग त्याला जाळ्याचा घेर घालतात, फांद्या बाहेर काढतात आणि आतला सारा मासा उचलतात. श्रीलंकेतल्या नेगोंबो खाडीत खारफुटीच्या फांद्या याच कामाला लावतात. पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनमध्ये, नोकुए सरोवरात, ‘अकाजा’ म्हणून ओळखले जाणारे असे ढीग हेक्टरी टनांनी मासे देत. पण त्यांनी गाळ साचतो, पाण्याच्या वाटा अडतात आणि लाकडासाठी किनाऱ्याची झाडी तुटते, म्हणून तिथे त्यांच्यावर मोठा वाद झाला. घेर घालून सारा ढीग रिकामा करणे हे उत्पादनाच्या हिशेबाला सोयीचे असले तरी त्यात पिलू आणि आई एकाच टोपलीत जातात. एका काठीने असे होऊच शकत नाही. ती एक मासा वर काढते, तो हातात येतो, लहान असेल तर परत सोडता येतो, आणि ढीग जागेवर राहतो.

अर्थात पाणी कोणाचे, हा प्रश्न टाळता येत नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक जलाशयांतला मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. संस्थेने पैसे भरून बोटुकली सोडलेली असते. तिच्या परवानगीशिवाय गरी टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या वावरातले कणीस तोडणेच होय. काटेपूर्णेसारख्या ठिकाणी जलाशयाला लागून १९८८ पासून अभयारण्य आहे, तिथे वनविभागाचे नियम लागू होतात. पाण्यात सुरुंग उडवणे आणि विष कालवणे हा तर १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमानेच गुन्हा आहे, आणि राज्याचा १९६० चा मत्स्यव्यवसाय अधिनियमही आहे. तरीही उन्हाळी डोहांत असे प्रकार होतात. बुडालेल्या फांद्यांत लपलेल्या माशांना बाहेर काढायचा तो सर्वांत आळशी आणि सर्वांत विनाशक मार्ग. त्यानंतर तो डोह पुढच्या पुरापर्यंत निकामी होतो.

बुडालेल्या झाडोऱ्याला अडचण मानून तो साफ करण्याची घाई करू नये. काही भाग जाळ्यासाठी मोकळा असावा आणि काही भाग, उतारावरच्या तीन-चार ढिगांपुरता तरी, कायम राखीव असावा; तिथे फक्त एका काठीची गरी चालावी. संस्थेच्या सभासदांना एक दिवसाचे काम, धुऱ्यावरची वेडी बाभूळ आणि काथ्याची दोरी, एवढाच त्याचा खर्च. मन, मस, निर्गुणा आणि मोर्णा यांच्या काठच्या संस्थांनी येत्या मे महिन्यात, गाळपेर निघाल्यानंतर आणि पहिल्या पावसाच्या आधी, हे करून पाहावे.